टिंब नसलेलं अक्षर

टाइपरायटर आहे मी, इंग्रजी अक्षरांचा. आजवर दुसऱ्यांनी सांगितलेलंच कागदावर उमटवत आलो, आज पहिल्यांदा आपणहून बोलतोय. तसं माझ्या आयुष्यात माझं असं थोडंच आहे. बाकी सगळं लीला बर्गे या बाईचं आहे, आणि सांगण्यासारखं तेच आहे.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. तेलाचा वास, हातोडीचे बारीक ठोके, आणि एक चष्मेवाला माणूस. तो माझी एकेक कळ दाबून बघायचा आणि कान देऊन ऐकायचा. त्याचं समाधान झालं, तसा मी पेंढ्यात गुंडाळून, लाकडी खोक्यात बसून साताऱ्याला आलो.

साताऱ्यात कोर्टाच्या आवाराबाहेर पत्र्याच्या आडोशाला हरिबा टायपिस्टचं टेबल होतं. माझी पहिली नोकरी तिथली. माण, पाटण, कोरेगाव, कुठकुठून माणसं यायची. ती आपलं गाऱ्हाणं सांगत आणि हरिबा ते इंग्रजीत बसवी. एकदा एक म्हातारी तावातावानं म्हणाली, "त्या मुडद्यानं माजा बांध रेटला, आन् वर मलाच शिव्या घातल्या." हरिबानं टाइप केलं, 'अर्जदाराचं असं नम्र म्हणणं आहे.' मला प्रश्न पडायचा, की यात नम्र काय होतं? पण हरिबाचा तरी काय दोष, साहेबांना चालेल तेच त्याला लिहावं लागे. त्या पत्र्याखाली मी वर्षानुवर्षं माणसांचं बोलणं असं धुऊन, इस्त्री करून पुढे जाताना पाहिलं.

केरबा बर्गे हे त्या टेबलावरचं नेहमीचं गिऱ्हाईक. कोरेगावकडचे, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, घरी थोडा ऊस. पाटाच्या पाण्यासाठी त्यांचे अर्ज चालायचे. एकाहत्तर साली हरिबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यानं मला विकायला काढलं, तेव्हा केरबा माझ्यासमोर उकिडवे बसले आणि बैल पारखावा तसं मला चारी बाजूंनी बघू लागले.

"टिकंल का रं ह्यो, हरिबा?"

"माझ्यापेक्षा जास्त टिकंल, हवालदार. पण तुमी ह्याचं काय करणार?"

"लेकीला द्यायचाय. कोल्हापूरला एम. ए. झाली इंग्रजीत. सांगलीच्या कालिजात लागलीया शिकवाय."

असा मी बर्ग्यांच्या घरी गेलो. दारातच अंबूबाईंनी, म्हणजे लीलाच्या आईनं, मला अडवलं. "आवं, पोरीच्या लग्नाचं बगायचं सोडून ह्ये काय लोखंड आणलंसा?"

"लग्नाचं बी बगू की. ह्ये आदी," एवढंच बोलून केरबांनी मला आत नेऊन ठेवलं.

लीला तेव्हा विशीतली. सावळी, उंच, केसांची घट्ट वेणी. तिनं माझ्यावरचं फडकं काढलं, एक कळ दाबली आणि कागदावर उमटलेल्या अक्षराकडे बघत राहिली. हरिबा बघायचा तसं नाही. हरिबा ओळ बघायचा, ही अक्षर बघत होती.

सांगलीत खणभागात रंगुबाईंच्या घरची माडी तिनं भाड्यानं घेतली. रंगुबाई खाली शेवया करून विकायच्या. पहिले काही दिवस माझ्या खडखडाटानं त्या वैतागल्या. मग त्यांना सवय झाली, इतकी, की मी गप्प असलो की त्या जिन्यातून विचारायच्या, "काय गं लीला, बरं हाय न्हवं?"

बरं नसायचंही. कॉलेजात ती इंग्रजी छान शिकवी. पण घाईत मराठी बोलली की 'न्हाई' आणि 'व्हय' तोंडातून निसटायचं आणि मागच्या बाकांवरून हसण्याची लाट यायची. पोरांचं एक वेळ ठीक होतं. एके दिवशी स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ प्राध्यापक चहा ढवळत म्हणाले, "बर्गेबाई, तुमचं इंग्रजी अगदी शुद्ध आहे हो. आता मराठीचं तेवढं बघा."

घरी येऊन तिनं रंगुबाईंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग काय झालं? आमी बी तसंच बोलतो."

"तुमाला कुणी हसत न्हाई, रंगुताई. मला पगार देऊन हसत्यात."

मग वर येऊन तिनं मला पुढे ओढलं आणि काम सुरू केलं. तिची ही खोडच होती. काही लागलं, बोचलं, की ती कामाला बसायची.

तिचं काम काय, हे आता सांगायला हवं. एम. ए.ला तिला एक पेपर होता, मध्ययुगातल्या इंग्रजीचा. सहा-सातशे वर्षांपूर्वीची ती भाषा, वाचायला अवघड, नोकरीला बिनकामाची. बाकी मुलांनी तो विषय घेतलाच नाही. डॉ. औंधकर नावाचे प्राध्यापक लीलाला एकटीला समोर बसवून शिकवत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "या काळात शुद्धलेखन नावाची गोष्टच नव्हती. जो माणूस जसा बोलायचा तसा लिहायचा. उत्तरेतला उत्तरेसारखा, दक्षिणेतला दक्षिणेसारखा. आणि कुणाचंही चूक नव्हतं."

लीला सांगायची, त्या वाक्यानंतर सर पुढे काय बोलले ते तिला ऐकूच आलं नाही. आपल्या बोलण्यावर कुणी हसू नये म्हणून कोल्हापुरात आल्यापासून जी मुलगी तोंड मिटून राहिली होती, तिला एक अख्खा काळ सापडला होता, जिथं कुणी कुणाचं बोलणं दुरुस्त करत नव्हतं.

पीएच. डी.साठी तिनं औंधकर सरांकडेच नाव नोंदवलं. इंग्लंडमधल्या एका ग्रंथालयात जुन्या गाण्यांचं एक हस्तलिखित होतं. मेंढपाळांची, नांगरणीची, दळणाची गाणी. गाणी कुणाची ते माहीत नाही, ज्यानं उतरून काढली त्या लेखनिकाचं नावही माहीत नाही. पाऊणशे वर्षांपूर्वी एका इंग्रज संपादकानं ती छापली आणि प्रस्तावनेत लिहिलं, की लेखनिक उत्तरेकडचा अडाणी, निष्काळजी माणूस होता. एकच शब्द कुठे असा लिहितो, कुठे तसा. म्हणून आपण ठिकठिकाणी त्याला सुधारून घेतलं आहे.

हे वाचून लीला पुस्तक मिटून उठली आणि खोलीत दोन-तीन फेऱ्या मारून पुन्हा बसली. तिथून तिचा विषय ठरला.

आता गंमत अशी, की या कामाला लागणारं एक अक्षर माझ्याकडे नव्हतं. त्या काळी इंग्रजीत 'थ'साठी थॉर्न नावाचं एक अक्षर होतं, वर-खाली लांब दांडा आणि मधोमध पोट असलेलं. पुढे ते गेलं आणि त्याच्या जागी 'टी' आणि 'एच' अशी दोन अक्षरं आली. उत्तरेकडचे लेखनिक मात्र हे अक्षर असं काढत, की ते थेट 'वाय'सारखं दिसे. मला ते छापता येत नव्हतं. मग लीला टाइप करताना तेवढी जागा मोकळी सोडायची आणि नंतर टाकानं काळ्या शाईत ते अक्षर भरायची. पानभर अशा मोकळ्या जागा पडल्या की मला माझे दात पडल्यासारखं वाटायचं.

बाहत्तरचा दुष्काळ आला. आटपाडीकडची मुलं वर्गातून उठून खडी फोडायला गेली. केरबांच्या विहिरीनं तळ गाठला आणि ऊस वाळला. लीला सुट्टी मिळाली की गावी जाऊन आईबरोबर टँकरच्या रांगेत उभी राहायची. परत आली की तळहातावर कळशीच्या कडेचे वळ असत, आणि त्याच हातांनी ती माझ्यापुढे बसायची. संपादकाच्या छापील पुस्तकावर विसंबून पुढे जाता येणार नाही, हे तिला एव्हाना कळलं होतं. लेखनिकानं प्रत्यक्ष काय लिहिलंय ते बघायला हवं होतं. म्हणून तिनं इंग्लंडच्या ग्रंथालयाला लिहून हस्तलिखिताच्या काही पानांची फिल्म मागवली.

ती फिल्म त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात आली. सुपारीच्या डबीएवढी डबी, आत गुंडाळी. ती वाचायचं यंत्र सांगलीत कुणाकडे नव्हतं. लीलानं फिल्म खिडकीशी उजेडात धरली, तर मुंग्यांची रांग दिसावी तशी अक्षरं. शेवटी डबी पर्समध्ये टाकून ती निघाली ती मारुती रोडजवळच्या नियाजच्या फोटो स्टुडिओत. नियाज लग्नाचे फोटो काढण्यात तरबेज. दोन दिवसांनी तोच मोठे केलेले फोटो घेऊन माडीवर आला. बाई एकट्या राहतात म्हणून उंबऱ्याच्या आत न येता दारातच उभा राहिला.

"मॅडम, आजवर नवरा-नवरी वाळत घालत होतो. या खेपेला दोरीवर तुमची पानं लटकली. बायको विचारतीया, हे कुणाचं लग्न." मग जरा संकोचून म्हणाला, "फोटो तसे साफ आलेत. फक्त बारके बारके डाग पडलेत काही अक्षरांवर. फिल्मवर धूळ असणार. ब्रशनं पुसून देतो, कळणार पण नाही."

लीलानं फोटो हातात घेतला. बघता बघता तिचा चेहरा बदलला.

"नियाजभाई, हात लावू नका. एका डागालासुद्धा नाही."

"का हो?"

"ही धूळ नाही. ही त्यानं दिलेली टिंबं आहेत."

त्या दुपारी ती जेवली नाही. भिंग घेऊन पानावरून सरकत राहिली. एक अक्षर, वर टिंब. तेच अक्षर, टिंब नाही. हळूहळू तिला उमगलं, की तो लेखनिक निष्काळजी वगैरे काही नव्हता. 'वाय' लिहिला की तो न चुकता वर टिंब देई. थॉर्न लिहिला की देत नसे. दोन अक्षरं सारखी दिसतात हे त्याला ठाऊक होतं आणि वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून त्यानं ही सोय केली होती. संपादकाला ती टिंबं दिसलीच नव्हती, किंवा त्यालाही ती धूळ वाटली असेल. त्यानं थॉर्नच्या जागी 'वाय' वाचला, शब्द बिघडले, आणि बिघडवल्याचा ठपका लेखनिकावर ठेवला. टिंबं धरून वाचलं, की ते बिघडलेले शब्द उत्तरेकडच्या बोलीतले सरळ, रोजचे शब्द निघत होते.

तिनं हे औंधकर सरांना दाखवलं. सर म्हातारे झाले होते, पण भिंगातून पाहताना त्यांचे डोळे चमकले. "लीलाबाई, हे लिहा," ते म्हणाले. ते कौतुकानं तिला अहोजाहो करत.

तिनं लिहिलं. पंचाहत्तरमध्ये प्रबंध विद्यापीठात दाखल झाला. परीक्षक म्हणून एका मोठ्या शहरातले नावाजलेले प्राध्यापक नेमले होते. वर्ष उलटत आलं तेव्हा त्यांचा अभिप्राय आला. प्रबंध मेहनतीनं लिहिलेला आहे, पण उमेदवारानं लेखनिकाच्या चुकांना बोलीभाषेचा मान दिला आहे. चौथं प्रकरण गाळून प्रबंध पुन्हा सादर करावा. चौथं प्रकरण म्हणजे टिंबांचं.

औंधकर सर स्वतः सांगलीला आले. माडीचा जिना चढून त्यांना धाप लागली होती. रंगुबाईंनी दिलेला चहा त्यांनी तसाच ठेवला.

"प्रकरण गाळा," ते म्हणाले. "बाकीच्यावर पदवी मिळते. तुमच्या विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय, पदवी असेल तर ती तुमचीच. हे टिंबांचं नंतर स्वतंत्र लेखात लिहा. मी आता किती दिवस आहे, माहीत नाही. तुमचं मार्गी लागलेलं मला बघायचंय."

लीलानं चौथ्या प्रकरणाची पानं उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "सर, ते प्रकरण काढलं तर बाकीच्या प्रबंधात मी त्या माणसाला निष्काळजी म्हटल्यासारखं होईल. ते खोटं आहे, हे तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग मी परीक्षकांना पुरतं पटवीन. आपण नमुन्याची पानं पाहिली, म्हणून त्यांना शंका घ्यायला जागा राहिली. आता सगळं हस्तलिखित बघते."

"सगळं? अहो, त्याला किती..."

"लागू द्या."

सरांनी चहाचा कप उचलला. थंड झालेला चहा त्यांनी एका दमात प्यायला आणि मान हलवली. ती मान होकाराची होती की हताशपणाची, मला कळलं नाही.

त्याच उन्हाळ्यात आष्ट्याचं एक स्थळ आलं होतं. माणसं चांगली होती, मुलगा शिकलेला, लीलालाही नापसंत नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की एकदाचं ते शिक्षण उरकून घ्या आणि दिवाळीनंतर लग्न करू. अंबूबाई गावाहून आल्या आणि लेकीसमोर फतकल मारून बसल्या.

"चार पानं काढून टाक म्हनत्यात, तर काढ की गं. कुनाला कळतंय?"

"मला कळतंय, आई."

"आन् त्यो मानूस तरी कोन तुजा? मरून किती वरसं झाली त्याला?"

लीला हसली. आईशी बोलताना ती गावासारखंच बोलायची. "कुनी न्हाई. पर त्यो आपल्यासारखा हुता. त्याच्या गावात जसं बोलायचे तसंच त्यानं लिवलं, नीट, जपून. आन् शिकलेल्यांनी त्याला येडा ठरवला. त्या कागदावर मी सही कशी करू, सांग."

आष्ट्याची माणसं दिवाळीपर्यंत थांबली आणि मग त्यांनी दुसरीकडे जमवलं. विभागप्रमुखाची जागाही दुसऱ्या कुणाला मिळाली. त्या दोन्ही बातम्या आल्या त्या दिवशी लीला संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसली, अंधार पडायच्या आत परत आली आणि माझ्यावरचं फडकं काढलं. थोडा वेळ तिनं कपाळ माझ्या रोलरवर टेकवलं. मग कागद घातला.

सगळ्या पानांची फिल्म यायला बरेच महिने गेले. नियाजनं ती सगळी मोठी करून दिली. खोलीच्या भिंती फोटोंनी भरल्या. रंगुबाई वर आल्या की म्हणायच्या, "भिताडाला देव लावायचे सोडून ह्ये काय लावलंस गं," आणि तरी फडक्यानं हलक्या हातानं धूळ झटकून जायच्या. लीला कॉलेजला जायच्या आधी पहाटे उठून प्रत्येक पानावरचं प्रत्येक 'वाय' आणि प्रत्येक थॉर्न नोंदवत होती.

पण आता थॉर्न इतके झाले, की मोकळ्या जागा सोडून शाईनं भरणं अशक्य होतं. शिवाय कार्बनखालच्या प्रती वेगळ्या. एका सकाळी तिनं घाईत 'बी'ची कळ दाबली. तिथं 'पी' हवा होता. तिनं एक घर मागे येऊन त्यावरच 'पी' मारला आणि खोडायला रबर उचलला, तो हात तसाच राहिला. 'बी'चा दांडा वर गेलेला, 'पी'चा दांडा खाली आलेला, पोट दोघांचं एकच. कागदावर थॉर्न उमटला होता.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "होता की तुझ्याजवळ."

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. पुढचे कित्येक महिने आमचं तेच चाललं. बी, एक घर मागे, पी. पुन्हा बी, एक घर मागे, पी. शेवटी माझी मागे नेणारी कळच गळाठली. मिरजेहून पीरमहंमद मिस्त्री सायकलवर आले. टाइपरायटर दुरुस्तीत त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी मला उलटा केला आणि चकित होऊन लीलाकडे पाहिलं.

"बाई, मागं जायची कळ मानूस चूक झाली की दाबतो. ऑफिसातल्या मशीनची पन इतकी झिजत न्हाई. तुमी चुका तरी किती करता?"

"चुका नाहीत, चाचा. ते अक्षर आहे."

तिनं करून दाखवलं. पीरमहंमदनी वाकून बघितलं, स्वतः एकदा दाबून पाहिलं, मग पिशवीतून जुन्या मशीनची स्प्रिंग काढली आणि माझ्यात बसवली. "ही पोलादाची हाय," ते म्हणाले. "पायजे तेवढं मागं जावा."

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्याअखेर प्रबंध पुन्हा गेला. चौथं प्रकरण गाळलं नव्हतंच, ते तिप्पट झालं होतं. अठ्ठ्याहत्तरच्या सुरुवातीला तोंडी परीक्षा ठरली, कोल्हापूरला. केरबा इस्त्रीचा फेटा बांधून तिच्याबरोबर गेले. मी इथंच होतो. जे घडलं ते लीलानं परतल्यावर रंगुबाईंना सांगितलं, आणि मी ऐकलं ते असं.

त्या मोठ्या शहरातले परीक्षक समोर बसले होते. औंधकर सर काठी घेऊन आले होते. परीक्षकांनी बरंच विचारलं, तिनं उत्तरं दिली. मग त्यांनी चष्मा काढला. "समजा, तो लेखनिक खरंच अडाणी असेल तर? टिंब कधी दिलं, कधी विसरला. तुम्ही त्याच्या विसरण्याला नियम म्हणताय."

लीला म्हणाली, "सर, विसरणारा माणूस कुठेही विसरतो. याच अक्षरावर द्यायचं आणि त्या अक्षरावर द्यायचं नाही, असं विसरता येत नाही. सगळं हस्तलिखित मी तपासलंय. तो जवळजवळ कुठेच ढळत नाही. ज्याचं लिहिणं इतकं एकसारखं असतं, त्याला नियम माहीत असतो. आपल्याला तो नियम माहीत नव्हता, एवढंच."

"जवळजवळ म्हणालात. ढळतो तिथं?"

"तिथं चुकलाय. त्या जागा मी वेगळ्या दिल्यात. त्या त्याच्या खऱ्या चुका आहेत, आणि त्या फार थोड्या आहेत."

परीक्षकांनी फोटो मागितले. नियाजनं हात न लावलेले ते फोटो तिनं टेबलावर मांडले. ते भिंग घेऊन बघू लागले. एक पान, दुसरं पान, मग स्वतःच मधलंच एक पान उचलून. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "मी ही छापील आवृत्ती तीस वर्षं शिकवली." एवढं बोलून त्यांनी पेन काढलं.

लीला बाहेर आली, तर केरबा व्हरांड्यात ताठ उभे होते, पहाऱ्यावर असल्यासारखे.

"झालं?"

"झालं, आबा."

"त्या मानसाचं काय झालं?"

"कुठला माणूस?"

"ज्याला येडा म्हनत हुते."

तेव्हा मात्र लीला रडली. केरबांनी फेट्याचा शेमला पुढे केला.

औंधकर सर त्या वर्षीच गेले. आता कॉलेजात लीलाचा जुन्या इंग्रजीचा एक छोटा वर्ग आहे. आटपाडीची, जतची, कुठकुठली पाच-सहा मुलं येतात. विभागप्रमुख ती अजून झालेली नाही आणि कदाचित होणारही नाही. लग्नाचं अंबूबाई हल्ली विचारत नाहीत. विचारतात ते हेच, की त्या बाबाची गाणी छापणार कधी. कारण लीलानं ते काम आता हाती घेतलंय. त्या लेखनिकानं जशी लिहिली तशी, एकही शब्द न सुधारता, सगळी गाणी नव्यानं छापायची.

त्यासाठी ती गेल्या महिन्यात इंग्लंडला गेली. तिथल्या ग्रंथालयानं बोलावलंय. आजवर फोटोत पाहिलेली ती पानं ती आता हातात घेऊन बघेल. एकोणऐंशी साल आहे, ती वर्षअखेर परतेल. जायच्या सकाळी बॅग भरून झाली, केरबा खाली रिक्षा घेऊन उभे होते, आणि ही माझ्यासमोर बसून प्रस्तावना टाइप करत होती. खालून हाक आली. तिनं हात थांबवले, अर्धं वाक्य वाचलं आणि कागद माझ्यातच राहू दिला. "इथूनच सुरू करू," म्हणाली. जाताना तिनं मला नवं फडकं घातलं.

मी आता जुना झालोय. माझा 'ई' झिजलाय, रिबन फिकी पडलीय, आणि कॉलेजात विजेवर चालणारी मशीनं येणार म्हणतात. येऊ देत. मला एकच मागणं आहे. रंगुबाई, तुम्ही वर केर काढायला याल, नियाजभाई फोटो ठेवायला येईल, कुणी पाहुणं येईल. फडकं उचललंत तरी चालेल, पण तो कागद ओढून काढू नका. त्यावर इंग्रजीत एवढंच आहे, की या लेखनिकाचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही, पण तो कसा बोलत होता हे

पुढची जागा कोरी आहे. ती माझ्यानं भरता येत नाही. मी कागद घट्ट धरून बसलोय.